प्रत्येकाच्या तोंडी शब्द यावा म्हणून: इंग्रजी चित्रकार्डांच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१९ जून २०२४

शाळा नुकतीच उघडली आहे. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, मिळून २३ मुलं. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. निम्म्याहून जास्त घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. चार मुलं शेजारच्या तांड्यावरून येतात, त्यांच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात.

राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. या मुलांपैकी काहींचे आईवडीलसुद्धा पहिलीपासून इंग्रजी शिकलेले आहेत. तरी पालकसभेत इंग्रजीचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. कविता तोंडपाठ असतात, ए टू झेड घडाघडा म्हणता येतं, पण समोरच्या बादलीला काय म्हणतात ते सुचत नाही.

यंदाचा प्रकल्प हाच. चित्रकार्डांच्या खेळांतून शब्द शिकवायचे. बाईंच्या मागे म्हणता येणं हे मी यश धरणार नाही, ऐकून चित्रावर बोट ठेवणंही नाही. चित्र समोर आलं, कुणी काही सुचवलं नाही आणि मुलानं शब्द उच्चारला, तरच तो त्याचा झाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत असे ६० शब्द प्रत्येकाला यावेत असं ठरवलं आहे.

पहिल्या तासाला मुलांना विचारलं, रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द सांगा. सगळी गप्प. मग खिडकीतून दिसणाऱ्या वस्तू विचारत गेले. बस, ट्रॅक्टर, ट्रॉली, पाईप, मोटर, बल्ब, टॉवर, मोबाईल, चार्जर, बिस्किट, बॉल, पेन. फळा भरला. "बाई, ट्रॅक्टर इंग्रजी हाय व्हय?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा चेहरा उजळला होता. पहिला गठ्ठा याच शब्दांचा करायचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी येतंच, यासारखी दुसरी सुरुवात नाही.

२४ जून

साहित्य. विकतचे तक्ते आणि कार्डं पाहिली आणि परत ठेवली. त्यावर इग्लू, यॉट, झायलोफोन. आमच्या मुलांनी हे कधी पाहिलेलं नाही, आणि चित्र काय आहे हेच कळलं नाही तर शब्द चिकटणार कशाला?

लग्नपत्रिका मागवल्या. मुलांनी दोन दिवसांत एवढ्या आणल्या की कपाटाचा एक कप्पा भरला. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि आतली एक बाजू बहुधा कोरी असते. मोठी कार्डं वहीच्या अर्ध्या पानाएवढी, ती सगळ्या वर्गाला दाखवायला. छोटी पत्त्याच्या पानाएवढी, ती जोडीनं खेळायला. छापील बाजूला वह्यांचं खाकी कव्हर चिकटवलं, म्हणजे मागून सगळी कार्डं सारखी दिसतात. हे फार महत्त्वाचं आहे. मागे गणपती अर्धवट दिसत असला की मुलं ते कार्ड लगेच ओळखतात, आणि खेळ शब्दांचा न राहता खुणा शोधण्याचा होतो.

लॅमिनेशन फक्त छोट्या कार्डांना करायचं. मोठं कार्ड चकचकीत असलं की खिडकीचा उजेड त्यावर पडतो आणि एका बाजूला बसलेल्या मुलांना चित्राऐवजी नुसता पांढरा डाग दिसतो. कोपरे कात्रीनं गोल कापले. टोकदार कोपरा आठवड्यात दुमडतो.

चित्राखाली शब्द लिहिला नाही. अक्षरं दिसली की दुसरीतली हुशार मुलं वाचून सांगतात आणि पहिलीतली नुसती त्यांच्याकडे बघत बसतात. लेखी शब्दाची कार्डं वेगळी करायची, पुढे कधीतरी.

३ जुलै

दोन खेळ बसले. पहिल्यात कार्ड वहीमागे धरून हळूहळू वर सरकवायचं. आधी फक्त शेंडी दिसते, मग डोळा. मुलं अंदाज करत ओरडतात. कॅट! डॉग! गोट! चुकीचा अंदाजही इथे कामाचा, कारण प्रत्येक अंदाजासाठी डोक्यातून एक शब्द काढावा लागतो. दुसरा खेळ 'काय गेलं?'. सात कार्डं फळ्याच्या कडेला उभी करायची, मुलांनी डोळे मिटायचे, एक कार्ड काढून घ्यायचं. आता जे समोर नाही त्याचं नाव सांगायचं आहे. चित्राचाही आधार उरत नाही, आणि याच कारणासाठी हा खेळ मला फार मोलाचा वाटतो.

आठवण काढण्याला एवढं महत्त्व देण्यामागे आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गातही असंच होतं. सगळ्यांनी एका सुरात पाच वेळा म्हटलं की तास छान झाल्यासारखा वाटतो, आणि सोमवारी पाटी कोरी.

१२ जुलै

फळ्यावर कार्डं लावून दोन गटांचा धावण्याचा खेळ घेतला. मी शब्द उच्चारायचा, दोन्ही गटांतल्या पहिल्या मुलानं धावत जाऊन त्या चित्रावर थाप मारायची. काय दंगा! शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. मुलं अजून हवा म्हणाली.

चौथीतल्या दोन मुलींना मी मागे बसवलं होतं. पहिली-दुसरीतली चार मुलं निवडून दिली होती, एक बोलकं, दोन मध्यम, एक गप्प. त्यांच्यापैकी कुणी इंग्रजी शब्द उच्चारला की कागदावर रेघ ओढायची, एवढंच काम. खेळ संपल्यावर कागद पाहिला. बोलक्याच्या नावापुढे थोड्या रेघा, तो आरडाओरडा करत होता म्हणून. बाकी तिघांपुढे जवळजवळ काहीच नाही. सबंध तास शब्द उच्चारले ते मी. मुलं ऐकत होती, धावत होती, रांगेत थांबत होती.

ऐकून ओळखणं ही पहिली पायरी आहे आणि अगदी नवे शब्द देताना हा खेळ घ्यावाच. पण खेळ किती रंगला यावर तो किती उपयोगी ठरला हे मोजायचं नाही. इथून पुढे प्रत्येक खेळाला हाच प्रश्न: वर्गातल्या सगळ्यांत गप्प मुलाच्या तोंडून शब्द किती वेळा निघाला?

हाऊजीचंही असंच. नऊ चौकोनांचा कागद, मी शब्द सांगते, मुलं खूण करतात. शांत बसवायला उत्तम. बोलायला शून्य. सांगायचं काम मुलांकडे दिलं तर थोडं बरं.

२६ जुलै

हा खेळ सापडला आणि सगळा प्रकल्प मार्गाला लागला.

मधल्या सुट्टीत तिसरी-चौथीची मुलं व्हरांड्यात पत्ते घेऊन भिकार-सावकार खेळत होती. पानं निम्मी निम्मी वाटून घेतात, उलटी धरतात, एकेक टाकत जातात. वरच्या पानाशी जुळणारं पान पडलं की सगळा ढीग त्याचा. नियम पहिलीच्या पोरालाही येतात, घरी आजोबांबरोबर खेळलेलं असतं. मग छोटी कार्डं त्याच पद्धतीनं वाटली. आठ चित्रं, प्रत्येकाची चार कार्डं, म्हणजे एका जोडीला ३२ कार्डं. एकच नियम वाढवला: कार्ड टाकताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव आलं नाही तर जोडीदारानं सांगायचं, आपण ते म्हणायचं आणि ते कार्ड आपल्या गठ्ठ्याच्या तळाशी घालायचं, म्हणजे थोड्या वेळानं ते पुन्हा हातात येतं. जुळलं तरी नाव घेतल्याशिवाय ढीग उचलायचा नाही.

या शेवटच्या नियमानं कमाल केली. मला कुणाला दुरुस्त करावंच लागत नाही. जोडीदार डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. "नाव घे की आधी!" असं दर मिनिटाला कुठूनतरी ऐकू येतं.

मागे बसलेल्या मुलींच्या कागदावर या वेळी रेघांना जागा पुरली नाही. दहा मिनिटांत प्रत्येक मुलानं आठ शब्द कितीतरी वेळा उच्चारले होते. तांड्यावरची एक मुलगी, पहिलीतली, जूनपासून वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांसमोर उभं केलं की फ्रॉकचं टोक चावत राहायची. आज ती मैत्रिणीसमोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात, पण न चुकता, बकेट, रोप, हेन, एग म्हणत कार्डं टाकत गेली. मी मुद्दाम जवळ गेले नाही, लांबूनच ऐकलं. तिला शब्द येत होते. तिला एवढ्या लोकांसमोर बोलायचं नव्हतं, इतकंच. सबंध वर्गाच्या खेळात हे मला कधीच कळलं नसतं.

या मुलीमुळे आणखी एक पक्कं झालं. कार्ड दाखवताना मी त्याचं मराठी नाव आता घेत नाही. तिच्या घरी मराठीही पाहुणीच आहे. चित्रावरून थेट इंग्रजी शब्द, म्हणजे कुणाला मधला एक टप्पा जास्तीचा पडत नाही.

८ ऑगस्ट

फळांचा पाठ आला. मँगो, बनाना, ऑरेंज, ॲपल, ग्रेप्स, पपाया. सगळी फळं एकदम दिली आणि गोंधळ झाला. संत्र्याला मँगो, पपईला ऑरेंज. मुलं ओळखीच्या फळांवर अडखळत होती, आणि त्याच आठवड्यातले बकेट, रोप, ट्री मात्र व्यवस्थित.

हे आमच्याच वर्गात होतं असं नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक टिंकम यांनी १९९३ साली आणि वॉरिंग यांनी १९९७ साली हेच तपासलं. एकाच जातीचे नवे शब्द, म्हणजे सगळे कपडे किंवा सगळी फळं, एकत्र शिकायला दिले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द लवकर येतात. टिंकम यांनी १९९७ साली आणखी पुढे पाहिलं: बेडूक, तळं, हिरवा, उडी असे एका प्रसंगातले शब्द एकत्र दिले तर ते सोपे जातात. त्यांचे प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवर होते, पण आमच्या पहिलीनं आज त्यांना दुजोरा दिला असं मी म्हणेन.

पाठ्यपुस्तकात धडे गटांनीच येतात आणि ते मला शिकवायचे आहेतच. पण कार्डांचा क्रम माझ्या हातात आहे. आता गठ्ठे प्रसंगांचे:

विहिरीवर: वेल, बकेट, रोप, वॉटर, फ्रॉग, ट्री.
सकाळी अंगणात: हेन, एग, कॅट, मिल्क, कप, सन.
रस्त्यावर: बस, डॉग, रेन, अंब्रेला, मड, शू.

फळं एका वेळी एक. मँगो पक्का झाला की दोन आठवड्यांनी पपाया. सगळी फळं नीट यायला लागल्यावर मग 'फ्रूट' म्हणून टोपलीत एकत्र करायची. रंगांचं तसंच, आणि ऑरेंज हा रंग म्हणून तर बराच उशिरा.

ध्वनींचंही पाहावं लागतं. शिप आणि शीप एकाच आठवड्यात द्यायचे नाहीत. मराठी बोलताना इकार लांबला काय आणि आखडला काय, फारसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मुलांच्या कानाला तो फरक ऐकायची सवय नसते. शिवाय आमच्याकडे जहाज कुणी पाहिलंय? शीप ठेवला, शिप काढून टाकला. मेंढी आणि शेळी यांच्या चित्रांत मात्र शेपटी आणि कान नीट काढावे लागले. धनगरवाड्यावरच्या एका मुलानं माझं पहिलं चित्र पाहून सांगितलं, "ही मेंढी न्हाय बाई, हिचं कान बघा." त्यालाच काढायला दिलं. त्याची मेंढी आता गठ्ठ्यात आहे.

३१ ऑगस्ट

परवा पोळा. मुलांनी स्वतः कार्डं काढली: बुल, हॉर्न, बेल, रोप, फ्लॉवर. बेल शब्द शाळेच्या घंटेमुळे आधीच येत होता, बैलाच्या गळ्यात तोच भेटला.

'मामाचं पत्र हरवलं' कार्ड घेऊन खेळलो. मजा खूप, पण एका वेळी एकच मूल बोलतं. शेवटच्या पाच मिनिटांपुरता ठेवते.

२० सप्टेंबर

शब्द साठत चालले की जुने मागे पडतात. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सगळ्यांत जास्त विसरलं जातं ते सुरुवातीलाच, आणि मधे मधे उजळणी केली की विसरण्याचा वेग मंदावतो. लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये यावरून कार्डांच्या डब्याची पद्धत सुचवली: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, न आलेलं पुन्हा पहिल्या कप्प्यात, आणि पुढचे कप्पे उशिरानं उघडायचे.

लाइटनरची पद्धत एकट्या शिकणाऱ्यासाठी आहे. वर्गासाठी मी ती अशी वळवली. खिळ्यांना तीन कापडी पिशव्या. लाल रोजची, पिवळी सोमवार-गुरुवारची, हिरवी शनिवारची. सकाळी परिपाठानंतर लाल पिशवीतलं कार्ड दाखवायचं आणि ठरलेल्या तीन मुलांना विचारायचं. ही तीन मुलं म्हणजे ज्यांना उशिरा येतं ती. तिघांनाही आलं तर कार्ड पिवळ्या पिशवीत. हुशार मुलांवरून ठरवलं असतं तर आठवड्यात सगळी कार्डं हिरवीत गेली असती आणि मागची मुलं तिथेच राहिली असती.

त्या तिघांना हे काम मानाचं वाटतं. कार्ड पिशवीत टाकायला तेच उठतात. बाकीचे त्यांना आदल्या दिवशी सुट्टीत शिकवतात, कारण सगळ्यांनाच पिशवी हलायला हवी असते. हे मी सांगितलेलं नाही.

७ ऑक्टोबर

क्रियापदं. मुलगा पळतोय असं चित्र दाखवलं तर उत्तर 'बॉय' येणारच. उपाय साधा आहे: एकाच मुलीची सगळी चित्रं. तीच मुलगी पळते, झोपते, खाते, उडी मारते, पाणी ओतते. मुलगी तीच राहिल्यावर मुलांचं लक्ष ती काय करते इकडे गेलं. रन, स्लीप, ईट, जंप, पोअर. शिकवताना आधी सगळ्यांनी करून दाखवायचं आणि मग कार्ड. शरीर हललं की शब्द बसतो, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी अमेरिकेत १९६० च्या दशकात मांडलं. आपल्या लंगडी आणि टिपरीच्या मुलांना ते नवीन नाही. ठिकरीच्या चौकोनांत कार्डं ठेवून खेळलो, ज्या घरात पाय पडेल तिथली क्रिया सांगायची आणि करायची.

सीताफळं आली आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि डोंगरातल्या या मुलांना त्याचं इंग्रजी नाव हवं होतं. कस्टर्ड ॲपल. एवढा लांब शब्द, कार्डही नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांना येत होता. मुलांनी मागितलेला शब्द वेगळ्याच वेगानं शिकला जातो. आता दर शनिवारी एक कोरं कार्ड मुलांच्या मागणीचं.

२३ ऑक्टोबर

सुट्टीआधीची चाचणी. एकेकाला व्हरांड्यात बोलावलं, ६० कार्डं, काही न सुचवता. दुसरीची बहुतेक मुलं पन्नासच्या पुढे. पहिलीत फरक मोठा, पण चाळीसच्या खाली थोडीच. तांड्यावरची ती मुलगी पहिलीत सगळ्यांत पुढच्यांत आहे. चुकलेल्या कार्डांत एक सारखेपणा दिसला: जे शब्द फक्त सबंध वर्गाच्या खेळात आले होते आणि जोडीच्या गठ्ठ्यात बसले नव्हते, तेच बहुतेकांचे गेले.

दिवाळीनंतर पटावरची बरीच मुलं आईवडिलांबरोबर जातील. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, घरी लेकरांना सांभाळायला कुणी नाही. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतील, ती शाळेत येतील. जाणाऱ्यांसाठी पुड्या करते आहे. प्रत्येकाला लॅमिनेट केलेली ३२ कार्डं, कापडी पिशवीत. चित्रं तिथली निवडली: शुगरकेन, ट्रक, टायर, फायर, पॉट, डॉग, मून, हट. कोपीत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, उजेड कमी असतो म्हणून रेषा जाड आणि रंग थोडे. लहान भावंडांशी भिकार-सावकार खेळायचं, नाव घेतल्याशिवाय ढीग उचलायचा नाही. एका आईनं विचारलं, हे वाचता यावं लागतं का. नाही, म्हटलं, लेकराला नाव घ्यायला लावा, तुम्हीपण शिकाल.

२९ नोव्हेंबर

वर्गात अकरा. पिशव्यांचं काम चालू आहे.

१६ जानेवारी २०२५

लेखी शब्दांची कार्डं आता काढली. तोंडी पक्के झालेले शब्दच लिहून दाखवते. सन, कप, बस, हेन, पॉट, रन असे आधी, जिथे अक्षरांचा आवाज सरळ लागतो. चित्र आणि शब्द जुळवायचा खेळ शांतपणे चालतो. अंब्रेलाचं स्पेलिंग पहिलीला विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वसतिगृहातली मुलं संध्याकाळी आपसात खेळतात म्हणून त्यांना दोन गठ्ठे कायमचे दिले. आता नवीन वाक्य जोडलं: "डू यू हॅव अ गोट?" हातातली कार्डं लपवून जोडीदाराकडे मागायची. असेल तर द्यायची, नसेल तर "नो, टेक वन" म्हणायचं आणि समोरच्याने ढिगातून एक उचलायचं. सुटे शब्द पुरे झाले होते, ही पुढची पायरी वेळेवर आली.

२८ मार्च

यंदा कारखाने लवकर बंद झाले, मुलं लवकर परतली. आल्या आल्या चाचणी घेतली नाही. आधी दोन दिवस नुसतं खेळू दिलं. मग एकेकाला व्हरांड्यात.

सगळ्यांचं सारखं नाही. दोघांच्या पिशव्या प्रवासात गेल्या, त्यांचे बरेच शब्द गेले. पण ज्यांनी पुडी सांभाळली त्यांचे त्या आठ चित्रांचे शब्द शाबूत आहेतच, शिवाय पुडीत नसलेले जुने शब्दही त्यांना लवकर आठवले. कदाचित खेळताना बाकीच्यांचीही आठवण निघत असावी. एका मुलाची पाच वर्षांची बहीण, अजून शाळेतच नाही, ती आठही चित्रांची नावं घेते. तिला तिच्या भावानं शिकवलं, फडाच्या कडेला.

त्याच्या पिशवीत दोन नवी कार्डं होती. तिथल्या एका ट्रकवाल्यानं पुठ्ठा दिला, त्यावर पेनानं बैलगाडी आणि चंद्राशेजारी चांदणी काढलेली. चांदणीला "स्टार" म्हणाला. बैलगाडीसाठी त्याला शब्द हवा होता, तो आज दिला.

९ एप्रिल

जूनमध्ये करायच्या गोष्टी. पुडीत आठऐवजी बारा चित्रं, प्रत्येकी चार. पिशवीला नाडी, गळ्यात अडकवता येईल अशी. पुड्या दिवाळीच्या तोंडावर द्यायच्या नाहीत, सप्टेंबरपासून घरी न्यायला द्यायच्या, म्हणजे जाण्याआधीच घरच्यांना खेळ येत असेल. रेघा ओढणाऱ्या दोघी पाचवीत जातील, तिसरीतल्या दोघांना आत्ताच शिकवते आहे. बैलगाडीचं कार्ड त्याच मुलाच्या चित्रावरून मोठं करून सगळ्या गठ्ठ्यांत. लग्नसराई सुरू आहे, पत्रिका मागवल्या आहेत.